संदर्भ : सरकारी दप्तरात दरोडेखोर, गाण्यात नायक

जुनवानी (भिलाई, छत्तीसगड) : कायद्याने ज्याला दरोडेखोर अथवा तस्कर ठरविले, त्याच माणसाला लोकांनी गाण्यात नायक केले, असे जगात अनेक ठिकाणी घडले आहे. मेक्सिकोत अशा कथागीतांना ‘कोरिदो’ म्हणतात. अमली पदार्थांच्या तस्करांवर रचलेल्या गीतांना ‘नार्कोकोरिदो’ हे नाव पडले आहे. महाराष्ट्रात हेच काम शतकानुशतके पोवाड्याने केले. उमाजी नाईक, राघोजी भांगरे, टंट्या भिल्ल आणि फकिरा ही नावे सरकारी दप्तरात गुन्हेगारांच्या यादीत होती. शाहिरांच्या कवनांत व लोकांच्या आठवणींत ती शूरांच्या मालिकेत जाऊन बसली.

मेक्सिकोतील अनेक राज्यांनी व शहरांनी या गीतांवर घातलेल्या बंदीमुळे, तसेच पंजाब व हरियाणात बंदुका आणि टोळ्यांचे गुणगान करणाऱ्या गाण्यांविरुद्ध झालेल्या कारवाईमुळे हा जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे. कायदा मोडणाऱ्याचे गाणे म्हणजे गुन्ह्याची जाहिरात, की ज्यांची बाजू कोणत्याही दप्तरात नोंदली गेली नाही त्यांची कैफियत? मराठी परंपरेचा आधार घेऊन या प्रश्नाचा हा मागोवा.

पोवाड्याची घडण

पोवाडा म्हणजे शूराच्या पराक्रमाचे कथात्म, गेय निवेदन. उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जाणारा पोवाडा अज्ञानदास यांचा आहे. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेला अफझलखानाचा वध हा त्याचा विषय. सिंहगडावरील तानाजी मालुसरे यांच्या बलिदानाचा तुलशीदासांचा पोवाडाही तितकाच प्रसिद्ध आहे. मुख्य शाहीर डफावर थाप देत कथा पुढे नेतो, तुणतुणे सूर धरते, झीलकरी मागून साथ देतात. आरंभी नमन आणि शेवटी शाहिराची नाममुद्रा अशी त्याची सर्वसाधारण बांधणी असते.

हे पोवाडे दीर्घकाळ मुखोद्गतच राहिले. मुंबई प्रांतातील सनदी अधिकारी हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते गोळा करून १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह प्रसिद्ध केला. अ‍ॅक्वर्थ यांनी त्यांतील निवडक पोवाड्यांचा इंग्रजी पद्यानुवाद १८९४ मध्ये काढला. पुढे य. न. केळकर यांनी १९२८ पासून ‘ऐतिहासिक पोवाडे’ संपादित केले.

पोवाडा एका विचाराचा वा एका वर्गाचा राहिला नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. राजदरबाराने त्याला आश्रय दिला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवछत्रपतींवर पोवाडा लिहून त्याला शूद्रातिशूद्रांच्या इतिहासाचे साधन केले. विसाव्या शतकात कामगार चळवळीने तो गिरणगावात नेला. ज्याला आपली बाजू मोठ्या जनसमूहापुढे मांडायची आहे, त्याच्या हाती हा डफ आपसूक आला. राज्यकर्त्यांविरुद्ध बंड करून रानात गेलेल्यांची कथाही याच रीतीने त्यात शिरली.

उमाजी नाईक : रखवालदार ते बंडखोर

उमाजी नाईक यांचा जन्म ७ सप्टेंबर १७९१ रोजी पुरंदर तालुक्यातील भिवडी येथे, रामोशी समाजात झाला. किल्ल्यांचा पहारा आणि गावाची रखवाली हे या समाजाचे परंपरागत काम. गावात चोरी झाली तर तिचा माग काढणे ही रामोशाची जबाबदारी असे आणि त्याबदल्यात त्याला गावाकडून ठराविक हक्क मिळत. पेशवाई संपून कंपनी सरकारचा अंमल बसला, तेव्हा किल्ल्यांवरील शिबंदी मोडली आणि हे हक्क आटले. वाटा, घाट व खिंडी यांची पिढीजात माहिती असलेले हजारो लोक एकाएकी निर्वाहाविना उरले. १८२६ च्या सुमारास पुणे परिसरात पेटलेल्या रामोशांच्या उठावाचे मूळ या आर्थिक उलथापालथीत आहे.

इंग्रजांनी उमाजींना पकडण्यासाठी इनामे लावली, मध्यंतरी त्यांच्याशी समझोता करून त्यांना बंदोबस्ताच्या कामीही घेतले. तो समझोता टिकला नाही. १८३१ च्या फेब्रुवारीत उमाजींनी इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला. त्याच वर्षी डिसेंबरात ते फितुरीने पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली.

त्यांच्याविरुद्धच्या मोहिमेतील अधिकारी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश यांनी १८३३ मध्ये रामोशी समाजावर इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केले. उमाजींच्या हालचालींचा सर्वांत तपशीलवार लेखी वृत्तान्त त्यातच आहे. ज्याने पाठलाग केला त्याच्याच लेखणीतून पाठलाग झालेल्याचे चरित्र उतरले. दुसरी बाजू लेखी रूपात फारच थोडी उरली. ती गाण्यात आणि गावोगावच्या सांगण्यात राहिली. आज उमाजींचा उल्लेख ‘आद्य क्रांतिवीर’ असा होतो आणि त्यांच्या जयंतीला शासकीय पातळीवर अभिवादन केले जाते.

अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांची कथाही अशीच आहे. महादेव कोळी समाजातील राघोजींनी सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यात सावकार व सरकार या दोघांविरुद्ध हत्यार उचलले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

वही का जळते?

या सर्व कथांत एक प्रसंग हटकून येतो. नायक सावकाराच्या घरात शिरतो, कर्जरोखे बाहेर काढतो आणि चौकात पेटवून देतो. हा प्रसंग कविकल्पनेतून आलेला नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे ताब्यात घेऊन जाळले आणि तो वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून हे प्रकरण इतिहासात ओळखले जाते.

रोख्याला इतके महत्त्व का, याचे उत्तर तेव्हाच्या न्यायव्यवस्थेत आहे. ब्रिटिश अमदानीत दिवाणी न्यायालय लेखी रोखा हाच मुख्य पुरावा मानी. निरक्षर कुणब्याचा अंगठा त्यावर असला म्हणजे हुकूमनामा निघे आणि जमीन जाई. अंगठा कशावर उमटला, हे त्याला वाचता येत नसे. त्यामुळे कागद नष्ट करणे हाच त्याला आपला बचाव वाटला. सरकारलाही हे कारण काही अंशी मान्य करावे लागले. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने अस्वस्थ झालेल्या या सरकारी कारकुनाने रामोशी, कोळी, भिल्ल व धनगर तरुणांची फौज उभारली. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी येथे त्यांनी पहिला दरोडा घातला. जुलै महिन्यात ते पकडले गेले, जन्मठेपेवर त्यांची रवानगी एडनला झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. सरकारी नोंदीत फडके यांचे सहकारी ‘दरोडेखोर’ होते. फडके स्वतः सुशिक्षित असल्याने त्यांचे लेखन मागे राहिले आणि त्यांचा राजकीय हेतू पुढच्या पिढ्यांना कळला. त्यांच्याबरोबर लढलेल्या रामोशांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

टंट्या भिल्ल : तीन प्रांतांचा ‘मामा’

नेमाड, खानदेश आणि वऱ्हाड यांच्या सीमेवर टंट्या भिल्ल यांचा वावर होता. खंडवा भागातील या भिल्ल तरुणाने सावकार व जमीनदारांची लूट करून ती गरिबांत वाटल्याच्या कथा सातपुड्याच्या दोन्ही अंगांना सांगितल्या जातात. लोक त्यांना ‘टंट्या मामा’ म्हणत. १८८९ मध्ये ते पकडले गेल्यावर अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांचे वर्णन ‘भारताचा रॉबिन हूड’ असे केले. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. इंदूरजवळ पाताळपाणी येथील त्यांचे स्थान आजही श्रद्धास्थान आहे. मराठीत बाबा भांड यांनी त्यांच्या जीवनावर ‘तंट्या’ ही कादंबरी लिहिली.

संपूर्ण समाजावर शिक्का

या कथांकडे केवळ व्यक्तींच्या पराक्रमकथा म्हणून पाहिले, तर एक महत्त्वाची गोष्ट निसटते. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. प्रारंभी तो उत्तर भारतात लागू होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती इतर प्रांतांपर्यंत वाढली. या कायद्याखाली एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित झाली की तिच्यातील व्यक्तींची नोंद, ठराविक वेळी हजेरी, गावाबाहेर जाण्यासाठी परवाना आणि प्रसंगी कुंपणाआडच्या वसाहतीत वास्तव्य, अशी बंधने येत. सोलापूरची ‘सेटलमेंट’ हे त्याचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण.

येथे गुन्हा सिद्ध होण्याची आवश्यकता नव्हती; जन्म पुरेसा होता. ज्या पोराने काहीही केले नव्हते, तोही पोलिसाच्या वहीत संशयित म्हणूनच वाढे. अशा समाजात वीराची कथा सांगितली जाते, तेव्हा ती करमणुकीपलीकडे जाते. आपल्याला नाव आहे, गाव आहे, अब्रू आहे आणि आपल्या पूर्वजाच्या कृतीमागे कारण होते, असे सांगण्याची तीच एक जागा उरते.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्या दिवसाची आठवण म्हणून ‘विमुक्त दिन’ पाळला जातो. महाराष्ट्रात रामोशी, बेरड, कैकाडी, वडार, राजपारधी, कंजारभाट आदी समाज विमुक्त जातींच्या यादीत आहेत. शिक्का कागदावरून गेला. चोरी झाली की पहिला संशय पारध्याच्या पालावर, ही तक्रार मात्र या समाजांच्या संघटना आजही करतात.

अण्णाभाऊंचा ‘फकिरा’

या साऱ्या परंपरेला मराठी साहित्यात मानाचे स्थान मिळवून दिले ते अण्णाभाऊ साठे यांनी. वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेले अण्णाभाऊ स्वतः शाहीर होते. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. स्टालिनग्राडच्या लढ्यावरील त्यांचा पोवाडा गिरणी कामगारांच्या सभांत गाजला.

१९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’ या कादंबरीचा नायक मांग समाजातील आहे. दुष्काळात उपाशी माणसांसाठी तो धान्य लुटतो, सरकारी खजिन्यावर घाला घालतो, आणि सरकार त्याच्या माणसांचा छळ मांडते तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी स्वतःहून पुढे होतो. सतत हजेरी द्यावी लागणाऱ्या वस्तीतील अपमान या कादंबरीत फार जवळून येतो. अण्णाभाऊंनी ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला.

योगायोग असा की ब्रिटिश इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांचे ‘प्रिमिटिव्ह रिबेल्स’ हे पुस्तकही १९५९ मध्येच प्रसिद्ध झाले. राज्यकर्ते ज्याला गुन्हेगार म्हणतात आणि शेतकरी समाज ज्याला आपला मानतो, अशा ‘सामाजिक दरोडेखोरा’ची कल्पना त्यांनी मांडली. या कल्पनेवर १९७२ मध्ये डच अभ्यासक आंतोन ब्लॉक यांनी आक्षेप घेतला. दरोडेखोर पुष्कळदा बड्या जमीनदारांच्याच आश्रयाने टिकतात आणि गरिबांना धाकात ठेवतात. त्यांचे उदार रूप गाण्यात असते, प्रत्यक्षात क्वचित, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद अद्याप संपलेला नाही. पोवाडा हा घटनेचा पुरावा म्हणून वापरताना तो ध्यानात ठेवणे भाग आहे.

सोनाखान ते दल्ली राजहरा

छत्तीसगडलाही अशी स्वतःची कथा आहे, आणि तिला मराठी सत्तेची पार्श्वभूमी आहे. बिंबाजी भोसले यांच्या काळापासून नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर होता. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि छत्तीसगड थेट कंपनी सरकारकडे गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५६ च्या दुष्काळात, सोनाखानचे बिंझवार आदिवासी जमीनदार नारायण सिंह यांनी एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून ते भुकेल्यांना वाटले. सरकारने चोरी व दरोड्याच्या आरोपाखाली त्यांना अटक केली. १८५७ मध्ये ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले, लढले, पकडले गेले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूर येथे त्यांना फाशी देण्यात आली.

आज नवा रायपूरच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदानाला ‘शहीद वीर नारायण सिंह’ यांचे नाव आहे. मधला काळ मात्र विस्मृतीचा होता. त्यांची स्मृती नव्याने जागविण्यात भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथील खाणकामगारांचा मोठा वाटा आहे. १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली या कामगारांची संघटना उभी राहिली. छत्तीसगड मुक्ती मोर्चाच्या ‘नवा अंजोर’ या कलापथकाने आणि कामगार कवी फागूराम यादव यांच्यासारख्या गायकांनी चळवळीची गाणी वस्त्यावस्त्यांत नेली. मोर्चाने नारायण सिंह यांचा स्मृतिदिन दरवर्षी पाळण्यास आरंभ केला. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगी यांची भिलाईत गोळ्या घालून हत्या झाली आणि पुढे त्यांच्यावरही गाणी रचली गेली.

कथा गाऊन सांगण्याची रीत या परिसराला नवी नाही. भिलाईजवळच्या गनियारी येथील तीजनबाई यांनी पंडवानीला जगभर नेले. हाती तंबुरा घेतलेली एक निवेदिका आणि तिला हुंकार देणारा ‘रागी’ ही पंडवानीची रचना पाहिली की शाहीर आणि झीलकरी आठवतात.

घोडा की घोडी : कोरिदोची गोष्ट

मेक्सिकोचा कोरिदोही याच कुळातला. साधारणतः आठ अक्षरांच्या ओळी, चार ओळींचे कडवे, आरंभी स्थळ-काळाचा उल्लेख आणि अखेरीस श्रोत्यांचा निरोप अशी त्याची बांधणी. १९१० मध्ये सुरू झालेल्या मेक्सिकन क्रांतीत तो वर्तमानपत्राचे काम करी. लढाईची बातमी निरक्षर खेड्यांत गाण्यातूनच पोहोचे.

त्याआधीचे एक प्रकरण अभ्यासकांनी फार महत्त्वाचे मानले आहे. १२ जून १९०१ रोजी टेक्सासमध्ये घोड्याच्या चोरीचा तपास करणारा शेरीफ ग्रेगोरिओ कोर्तेझ या मेक्सिकन वंशाच्या शेतमजुराकडे आला. ‘घोडा बदलून घेतलास का?’ असा प्रश्न दुभाष्यामार्फत विचारला गेला. कोर्तेझने नाही म्हटले, कारण त्याने घेतली होती घोडी, आणि स्पॅनिश भाषेत दोन्हींना निरनिराळे शब्द आहेत. गैरसमज वाढला, शेरीफने कोर्तेझच्या भावावर गोळी झाडली, कोर्तेझने शेरीफला ठार केले आणि सुमारे दहा दिवस शेकडो लोकांना झुलवत ठेवले. वर्षानुवर्षांच्या खटल्यांनंतर १९१३ मध्ये त्याला माफी मिळाली. आमेरिको पारेदेस यांनी १९५८ मध्ये या कोरिदोवर ग्रंथ लिहून सिद्ध केले की सीमेवरील मेक्सिकन समाजाने आपली न ऐकली गेलेली साक्ष या गीतात जपली होती. उमाजी व टंट्या यांच्या कथांशी याचे साम्य सहज दिसते.

तस्करीचे गीत मात्र पुढे वेगळ्या वाटेने गेले. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. सीमेपलीकडे दारू नेणाऱ्यांवर तेव्हा कोरिदो रचले गेले. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘लोस तिग्रेस देल नोर्ते’ या चमूचे ‘कोंत्राबांदो इ त्राइसिओन’ हे गीत गाजले. मोटारीच्या चाकांत गांजा लपवून सीमा ओलांडणारे जोडपे आणि अखेरीस स्त्रीने केलेला प्रियकराचा खून हा त्याचा विषय. कथा काल्पनिक होती, पण तिने एका नव्या प्रकाराचा बाजार खुला केला. चालिनो सांचेझ याने तर गिऱ्हाइकांकडून पैसे घेऊन त्यांच्यावर कोरिदो रचण्यापासूनच आपल्या कारकीर्दीला आरंभ केला. मे १९९२ मध्ये सिनालोआ राज्यातील कुलियाकान येथे कार्यक्रमानंतर त्याचा खून झाला. २००६ मध्ये व्हालेंतीन एलिझाल्दे हा गायकही असाच मारला गेला.

याच कुलियाकानमध्ये हेसुस मालवेर्दे या दंतकथेतील दरोडेखोराचे देवस्थान आहे. १९०९ मध्ये त्याला फाशी झाल्याचे सांगतात, परंतु तो खरोखर होऊन गेला की नाही याचा ठाम पुरावा नाही. गरीब लोक नवस बोलायला तेथे येतात आणि तस्करही येतात.

बंदीचा अनुभव

राज्यसंस्थेला गाण्याचे भय नेहमीच वाटत आले आहे. १९०९ मध्ये गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांना काही कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे सिंहगड व बाजीप्रभू यांवरील पोवाडे सरकारने जप्त केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनेही लाल बावटा कलापथकावर बंदी आणली होती. ही बंदी कवनांच्या लोकप्रियतेला थांबवू शकली नाही.

मेक्सिकोचा अनुभव निराळा नाही. सिनालोआच्या राज्यपालांनी २०११ मध्ये मद्यालयांत नार्कोकोरिदो वाजविण्यास मनाई केली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा आदेश रद्द ठरविला. तिहुआना शहराने २०२३ मध्ये अशा गीतांच्या जाहीर सादरीकरणावर बंदी घातली. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सकोको येथील जत्रेत गायकाने ही गीते गाण्यास नकार दिला, तेव्हा प्रेक्षकांनी मंचाची मोडतोड केली. त्याच सुमारास एका चमूच्या कार्यक्रमात टोळीप्रमुखाचे छायाचित्र पडद्यावर झळकल्याने अमेरिकेने चमूच्या सदस्यांचे व्हिसा रद्द केले. राष्ट्राध्यक्ष क्लाउडिया शेनबाम यांनी सरसकट बंदीऐवजी हिंसेचे गुणगान न करणाऱ्या गीतांसाठी राष्ट्रीय स्पर्धेचा मार्ग निवडला.

भारतात पंजाब सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये शस्त्रे व हिंसा यांचे उदात्तीकरण करणाऱ्या गाण्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी २९ मे रोजी गायक सिद्धू मूसेवाला यांची गोळ्या घालून हत्या झाली होती. महाराष्ट्रात हा प्रश्न गाण्यांपेक्षा चित्रफितींच्या रूपाने पुढे आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शहरातील टोळ्यांच्या म्होरक्यांना आयुक्तालयात हजर करून, दहशत पसरविणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर न टाकण्याची ताकीद दिली.

ऐकताना विचारायचे तीन प्रश्न

उमाजींचा पोवाडा आणि टोळीप्रमुखाच्या पैशाने रचलेले गीत ऐकायला सारखे वाटू शकते. दोन्हींत पाठलाग आहे, फितुरी आहे, मृत्यूला सामोरे जाणे आहे. त्यांतील भेद ओळखण्यास तीन प्रश्न उपयोगी पडतात.

पहिला, लूट कोणाची झाली आणि कोणाकडे गेली? सोनाखानच्या कोठारातील धान्य उपाशी माणसांकडे गेले. अमली पदार्थांचा पैसा टोळीकडे जातो आणि व्यसनाची किंमत गरीब घरांनाही मोजावी लागते.

दुसरा, गाणाऱ्याला पैसे कोणी दिले? आश्रयदाता असणे हा स्वतः दोष नव्हे. पोवाड्यालाही दरबाराचा आश्रय होता. परंतु स्तुतीचा विषय आणि पैसे देणारा एकच असेल, तर त्या गीताला लोकांची साक्ष म्हणता येत नाही.

तिसरा आणि सर्वांत अवघड, गाण्याबाहेर कोण राहिले? दरोड्यात मेलेला पहारेकरी, लुटल्या गेलेल्या घरातील बायकामुले, जबरीने भाकरतुकडा द्यावा लागलेले गाव यांच्यावर सहसा कोणी कवन रचत नाही. मेक्सिकोत बेपत्ता व्यक्तींची अधिकृत नोंद २०२२ मध्ये एक लाखाच्या पुढे गेली. त्यांच्या माता फावडी घेऊन माळरानात आपल्या मुलांचे अवशेष शोधतात. त्यांच्या वाट्याला मात्र असे लोकप्रिय गीत क्वचितच येते.

हा तिसरा प्रश्न मराठी पोवाड्यालाही लागू आहे. नायकाचे पुतळे उभे राहिले, त्याच्या नावाने जयंत्या सुरू झाल्या. ज्या समाजांतून हे नायक आले त्यांच्यावरील संशय मात्र पुरता फिटलेला नाही. उमाजींच्या प्रतिमेला हार घालणे आणि पारध्याच्या पोराला शाळेत व ठाण्यात माणूस म्हणून वागविणे, या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाच्या मागण्या आहेत.

महत्त्वाच्या तारखा

१६५९ : अफझलखानवध, अज्ञानदासाच्या पोवाड्याचा विषय.

३ फेब्रुवारी १८३२ : उमाजी नाईक यांना पुण्यात फाशी.

२ मे १८४८ : राघोजी भांगरे यांना ठाण्यात फाशी.

१० डिसेंबर १८५७ : वीर नारायण सिंह यांना रायपूर येथे फाशी.

१८७१ : गुन्हेगार जमाती कायदा.

१२ मे १८७५ : सुपे येथे सावकारी कर्जरोख्यांची होळी.

४ डिसेंबर १८८९ : टंट्या भिल्ल यांना जबलपूर येथे फाशी.

१८९१ : अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांचा पोवाडे संग्रह.

३१ ऑगस्ट १९५२ : गुन्हेगार जमाती कायदा रद्द.

१९५९ : अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ कादंबरी प्रसिद्ध.

२०१३ : सिनालोआतील नार्कोकोरिदोबंदी मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाकडून रद्द.

नोव्हेंबर २०२२ : पंजाबमध्ये शस्त्रांचे गुणगान करणाऱ्या गाण्यांवर बंदी.